घरातल्या खुणा

सकाळी दहा चाळीसला शिपायाने हाक मारली, "सतरा नंबर!" मुलीला ती ऐकू जाणार नव्हती. आईने तिला दंडाला धरून उठवलं आणि दोघी तपासणीच्या खोलीत शिरल्या.

मुलगी सव्वीस वर्षांची, जन्मापासून बहिरी, छापखान्यात पुस्तकं बांधायच्या कामाला. आज तिने रजा टाकली होती. सकाळीच तिने दंडावर बोट टोचून दाखवलं, मग आईकडे बोट केलं, मग दाराकडे. आईने ओळखलं, रक्त द्यायचंय, बोलायला कोणीतरी हवं.

रक्त कशासाठी, ते इथे आल्यावर शिपायाकडून कळलं. एचआयव्ही. तेव्हापासून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाकावर बसल्या बसल्या तिने ओठांवरून बोट फिरवून मुलीला विचारलं होतं. मिशी, म्हणजे पुरुष. त्यांच्या घरात पुरुषासाठी तेवढी एकच खूण होती. मुलीनेही तशीच मिशी काढून दाखवली आणि मान खाली घातली.

"वय?" समुपदेशक बाईंनी अर्ज पुढे ओढला.

"सव्वीस."

"लग्न?"

"नाही हो. हिच्याशी कोण..." आई थांबली.

"संबंध आलाय का, कंडोम वापरला होता का, हे तिला विचारा."

"मी?"

"आमच्याकडे खुणा येणारं कोणी नाही. एकदा मागणी केली होती, अजून उत्तर नाही."

"सव्वीस वर्षं मीच हिचं तोंड आहे, मॅडम. नवऱ्याशी बोलत नाही इतकं हिच्या वतीने बोलते."

"मग विचारा की."

आई वळली. ताप, भूक, पाळी, उशीर, सगळ्याला तिच्या हातांत खुणा होत्या. याला नव्हती. तिने घाईघाईने विचारलं, जेवलीस का? मुलगी तिच्याकडे बघतच राहिली.

"नाही म्हणते," आईने सांगून टाकलं.

"मान तर हलली नाही तिची."

"तुम्ही लिहा ना काय ते! बहिरी म्हणून फसवलं असेल कोणीतरी पोरीला. हिच्या बापाला कळलं तर घर डोक्यावर घेईल. त्याच्या कानावर जाणार नाही ना?"

"इथलं बाहेर जात नाही."

टेबलावर कंडोमची पाकिटं होती. आईने त्यांच्यावर आपली पिशवी ठेवली.

मुलगी मान तिरकी करून अर्ज न्याहाळत होती. वयाच्या रकान्यातला आकडा दिसताच तिने बाईंच्या हातातलं पेन ओढून घेतलं, सव्वीसवर काट मारली आणि खाली भराभर लिहायला लागली.

"वेडी झालीस का गं?" आई ओरडली, आणि मग बाईंना म्हणाली, "काय खरडलंय? मला अक्षर वाचता येत नाही. कोण आहे तो, नाव लिहिलंय का?"

बाईंनी कागद एकदा वाचला. उठून दार लावलं. पुन्हा वाचला.

"मॅडम, सांगा की!"

कागदावर लिहिलं होतं, 'माझी तपासणी मागच्या महिन्यात झाली, मला काही नाही. बाबांना आहे, चार वर्षं. घरात लपवलेले त्यांचे कागद मला सापडले. आईला हे कसं सांगायचं ते मला येत नाही. तुम्ही बोला. रक्त तिचं घ्यायचंय.'