जास्त

“ही इज नो मोअर,” शालिग्राम मास्तरांनी फळ्यावर लिहिलं आणि खडू रुख्मिणीकडे रोखला. “मराठीत सांग. अन् अलंकार ओळख.”

रुख्मिणी उभी राहिली. बाकी सगळं तिला बरं यायचं, पण इंग्रजीतले अलंकार म्हणजे डोक्यात नुसता काला. सिमिलीला मेटाफर म्हणायची आणि मेटाफरला सिमिली. तिनं ओठ मुडपून मनाशी जुळवाजुळव केली. नो म्हणजे नाही, मोअर म्हणजे जास्त.

“तो आता जास्त नाही. म्हंजे दुखनं उतरलं, सर. मानूस बरा झाला.”

अकरावी मॅट्रिकचा अख्खा वर्ग खदाखदा हसला. मास्तरांनाही हसू आवरेना.

“अगं बाई, मेलेल्याला उठवून बसवलंस की! अर्थ असा, की तो वारला. मेला म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून गोड शब्दांत गुंडाळून सांगायचं. याला युफेमिझम म्हणतात. बोर्डाच्या पेपरात असले दिवे लावू नकोस.”

रुख्मिणीही हसली. कानापर्यंत लाल होऊन खाली बसली.

तेवढ्यात व्हरांड्यात कोणीतरी खाकरलं. रुख्मिणीचा काका उकंडराव होता. खेड्यावरून बैलांची दमणी जुंपून तो जळगावात आला होता आणि पुतणीला दिसू नये म्हणून दाराच्या कडेला उभा होता. मास्तर बाहेर आले.

“भाऊ गेला, सर,” उकंडराव हळूच बोलला. “पहाटेच. पोरीले न्याले आलो. घरी सारे तिच्याचसाठी खोळंबले हायेत.”

मास्तरांनी भिंतीला हात टेकला. निवृत्ती गेला! साऱ्या भाऊबंदकीशी भांडून त्यानं लेकीला या हायस्कुलात आणून घातलं होतं. “हिले इंग्रजीत तेवढं पास करा, मास्तर. बाकीचं मी पाहून घेतो,” म्हणाला होता. आता बाकीचं कोण पाहणार?

“अन् तिची परीक्षा?”

“आता कायची परीक्षा, सर! बाप गेल्यावर वर्साच्या आत लगन करा लागते, नाही तं तीन वर्सं थांबा लागते.” उकंडरावानं उपरण्यानं तोंड पुसलं. “तिले इथं खरं सांगू नोका. वाट लांब हाये, मले येकट्याले सांभाळनं व्हनार नाही. बाप जास्त हाये, दुखनं वाढलं, इतलंच सांगजा. तुमच्यावर भरोसा हाये तिचा.”

मास्तरांना रागच आला. काय मेली रीत आहे ही! आपल्याकडे माणूस मरतच नाही हो. तो जातो, वारतो, देवाघरी राहायला जातो. मरतात ती ढोरं. आणि दूरच्या माणसाला कळवायचं असलं की गेलेल्याला आधी आजारी पाडायचं. म्हाताऱ्या बाया ‘जास्त आहे’ ऐकलं की लगेच पदर डोळ्यांना लावतात, त्यांना कोणी फोड करून सांगावी लागत नाही. पण या पोरीला कोण समजावणार? आणि तिला ते समजावं की समजू नये, हेही मास्तरांना ठरवता येईना.

शेवटी त्यांनी तिला बाहेर बोलावलं. उकंडराव तोवर फाटकापाशी दमणीकडे निघून गेला होता.

“रुख्मिणी, दप्तर घे. काका न्यायला आलेत. तुझे वडील… जरा जास्त आहेत.”

पोरीचा चेहरा उतरला. ती मास्तरांच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, “सर, हे सरळ वाक्य हाये, का आता शिकवलं तसं?”

इतकी वर्षं मास्तर हाच प्रश्न पोरांना विचारत आले होते आणि उत्तर चुकलं की छडी उगारत होते. खरं सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण धीर झाला नाही.

“सरळ आहे, बाळ,” ते म्हणाले. “अगदी सरळ वाक्य.”

रुख्मिणीच्या जिवात जीव आला. “मंग उतरंन, सर,” म्हणाली आणि दप्तर काखेत मारून पायऱ्या उतरत धावतच सुटली. वर्गात जायचं सोडून मास्तर तिथंच खांबाला धरून उभे राहिले. फाटकापासून तिचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू आला.

“काका, सर म्हन्तात सरळ वाक्य हाये. मंग तुमी काऊन रडून राह्यले?”