माळेची गाठ

लातूर जिल्हा झाला, तसा तिथं मनाचा डॉक्टरही आला. गेल्या एकादशीला कीर्तनात माळ घेऊन निवृत्तीनं दारू सोडली, पण तेव्हापासून पातेल्यावरचं झाकण वाजलं तरी त्याला धडकी भरायची. म्हणून कोंडाबाई नवऱ्याला तिकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं, "मेंदूत सिरोटोनिन नावाचं रसायन असतं, मन थाऱ्यावर ठेवणारं. ते झेलणाऱ्या जागा इतक्या वर्षांच्या दारूनं बदलल्यात. हातांची थरथर लवकर थांबेल. भीती मात्र त्या जागा सावरेपर्यंत राहील, आणि तीच पुन्हा प्यायला ओढेल."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेजारणी टँकरचं पाणी घेऊन आल्या. त्यांच्याबरोबर पाण्याला गेलेला निवृत्ती मात्र मागाहून रिकामी घागर घेऊन आला. प्यायचं झालं तर माळकरी आधी माळ उतरवून ठेवतो, म्हणून कोंडाबाईनं पहिल्यांदा त्याचा गळा पाहिला. माळ होती.

"पांडुरंगानं राखलं," ती म्हणाली. "मला वाटलं, गुत्त्यावर गेलाव."

"गेलतो की." तो उंबऱ्यातच बसला. "माळ काढाय लागलो. हात लई थरथरत हुते, गाठच सुटंना. म्हणून आलो परत."

तिनं त्याचे हात आपल्या हातांत घट्ट धरले. ते अजून कापत होते.

"अगं," तो हळूच म्हणाला, "थरथर लवकर थांबंल म्हणला न्हवं का डॉक्टर?"