वेसाव्याची मंद माणसं

"बाबा, माझ्याकडे बघ तरी," तेजल म्हणाली.

दशरथने बघितलं नाही. वेसाव्याच्या धक्क्यावर तो फाटलं जाळं विणत बसला होता. तेजल त्याची एकुलती एक लेक. लग्न करून मुलुंडला गेलेली, विद्यापीठात डॉक्टरेट करणारी. परवापरवापर्यंत हाच माणूस मासळी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही थांबवून सांगायचा, माझी पोरगी माणसाच्या डोक्याचा अभ्यास करते म्हणून.

मग पेपरात ती बातमी आली. उष्ण, दमट हवेत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या जमातींची बुद्धी मंद असते आणि थंड हवेतल्यांची तल्लख, असं एका प्राध्यापकाचं संशोधन. दाखल्याला एका बाजूला डोंगरावरचं थंड गाव, दुसऱ्या बाजूला वेसाव्याचे कोळी. प्राध्यापकाच्या नावाखाली तेजलचं नाव. झालं, टीव्हीवर जुंपली. एक शास्त्रज्ञ म्हणतो आकडे आहेत, दुसरा म्हणतो जुनाच जातिभेद नवा कोट घालून आलाय. वेसाव्यात मात्र कुणी भांडलं नाही. शाळेत पोरांना "ए दमट" अशा हाका पडायला लागल्या, आणि पोरं घरी येऊन आयांना विचारायला लागली, आपण खरंच मठ्ठ आहोत का गं?

खरं म्हणजे तेजललाच ते आधी पटलं नव्हतं. दमट हवेने मासळी नासते सर, डोकं कसं नासेल, असं ती प्राध्यापकांच्या तोंडावर म्हणाली होती. सर चिडले नाहीत. "मग तूच जा. तुझ्याच माणसांना तपास, मी येत पण नाही," म्हणाले. डोंगरावर त्यांनी बुद्धी मोजायची कोडी देऊन दुसरे विद्यार्थी पाठवले. तिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. लोकांनी पटापट कोडी सोडवली आणि त्यांना वाटेला लावलं.

तेजल वेसाव्याला आली ती इरेला पेटून. दाखवतेच म्हणाली, आमची माणसं काय चीज आहेत ते. कोडी संपेपर्यंत माहेरीच राहिली आणि घरोघर जाऊन चित्रांची कोडी समोर ठेवली. जितकं लवकर सुटेल तितके गुण जास्त. पण वेळ मोजतोय हे समोरच्याला सांगायचं नाही, असा परीक्षेचा नियम होता. तिने नियम पाळला.

आणि सगळे हळू निघाले. सगळे म्हणजे सगळे. लिलावात बोली कानावर पडायच्या आत हिशेब करून मोकळ्या होणाऱ्या बायका एकेका चित्रापाशी चहा थंड होईस्तोवर बसल्या. मध्येच उठून तिला तळलेले बोंबील वाढायच्या, परत येऊन चित्र उलटं धरायच्या. शेवटी तिने बाबाला बसवलं. बाबाने तर कहर केला. सोप्यातलं सोपं कोडं, आणि हा आपला डोकं खाजवतोय. परतताना रिक्षात तेजल ढसाढसा रडली. बाबासुद्धा? मग सर म्हणतात तेच खरं असणार, आपणच उगाच माणसांच्या मायेपोटी भांडत होतो. तिने सरांच्या संशोधनावर सही केली.

आता ती धक्क्यावर त्याच्या पुढ्यात खाली बसली. ओल्या दगडावर, चांगल्या कपड्यांनिशी.

"मी माझं नाव मागे घेते, बाबा. सरांना कळवलंय. तू शिव्या दे, हाकलून दे, पण असा गप्प बसू नको रे. माझा जीव जातोय." "एकच सांग. ती कोडी तुला खरंच सुटत नव्हती?"

शेजारी बोंबील वाळत घालणाऱ्या माणिकला, तिच्या आईला, राहवलं नाही. "सुटत नव्हती? तू गेल्यावर रात्री जेवताना त्याने सगळी आठवून मला फटाफट सोडवून दाखवली."

तेजलला काही समजेना. ती एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत राहिली. "मग तेव्हा का नाही, बाबा? मी समोर बसले होते ना."

दशरथचे हात थांबले. मान मात्र खालीच होती. डोळ्यांतलं पाणी त्याने दंडाला पुसलं.

"तुझ्यावर कशाला रागावू, बाय? तुला तोंड दाखवायची मलाच लाज वाटते," तो म्हणाला. "तू आल्या आल्या म्हणालीस, कोडी संपली की निघते. मग मीच आळीभर सांगत फिरलो, माझी पोर किती दिवसांनी माहेरी आलीय, सावकाश सोडवा."