नावानं हाक

रविकिरणनं लग्न करून जर्मनीहून आणलेली उर्सुला त्याला चारचौघांत नावानं हाक मारायची, ते तिच्या सासूच्या, भागीरथीबाईंच्या, फार जिवाला लागायचं. "आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत गं. मी जन्मात घेतलं नाही," असं सांगून सांगून शेवटी त्यांनी तिला 'अहो' म्हणायला शिकवलं.

एका रविवारी शिवाजीनगरच्या स्टँडवर त्यांचे यजमान नरसिंहराव तंद्रीत भलत्याच बसमध्ये जाऊन बसले. भागीरथीबाईंनी खालून 'अहो, अहो' केलं, पण त्या गोंगाटात ते कुठलं पोचायला. माहेरच्या कानडीत, 'अहो'च्या जागी 'री' म्हणून पाहिलं, तर दुसरेच तीन नवरे खिडकीतून डोकावले. तेवढ्यात कंडक्टरनं शिट्टी दिली.

भागीरथीबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं. "तुमच्यात चालतं ना? मग मार हाक तूच. नावानं."

उर्सुलानं छाती भरून 'नरसिंहराव' अशी आरोळी ठोकली.

नरसिंहराव धडपडत खाली उतरले, सुनेकडं न बघता थेट बायकोजवळ आले आणि लाजून हळूच म्हणाले,

"चारचौघांत कशाला गं? घरी म्हण की."