गुरुवारचा ओढा

पाच वाजून चाळीस मिनिटांनी ओढा पुन्हा थांबला.

ओढा म्हणजे नुसता वाहत्या पाण्याचा आवाज. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून तो वाय-फायने सुटायचा आणि समुपदेशन करणाऱ्या मॅडमच्या खोलीच्या दाराशेजारी फळीवर ठेवलेल्या स्पीकरमधून वाहायचा. आतलं माणूस मॅडमना मनातलं सांगतं, ते बाहेर बसलेल्याला ऐकू येऊ नये, एवढंच त्याचं काम. दार प्लायवूडचं. ओढा थांबला की आतला शब्द न् शब्द दाराजवळच्या खुर्चीपर्यंत यायचा.

काउंटरवरच्या ताई चटकन कॉम्प्युटरकडे वळल्या. दुपारीच मॅडम म्हणाल्या होत्या, "गुरुवारच्या त्या बाई इथे जे बोलतात, ते त्यांच्या नवऱ्याला घरी तोंडपाठ असतं. त्यांना वाटतं मीच फोडते. आवाज गुरुवारीच कसा बंद पडतो, ताई? कॉम्प्युटर तर तुमच्या हातात असतो." मग हळूच, "आज परत झालं, तर त्या यायच्या बंद होतील. आणि मलाही काउंटरसाठी दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

सात वर्षांची नोकरी आणि वर हा आळ. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"बंद पडलं का हो पुन्हा?" दाराजवळच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी काळजीने विचारलं. आत त्यांचीच बायको होती. गुरुवार त्यांचा सुट्टीचा, न चुकता तिला घेऊन यायचे. खाली बाकावर बसा म्हटलं, तर "मी जवळ असलो की हिला धीर येतो" म्हणायचे. ताईंच्या गुडघ्याची आठवणीने चौकशी करायचे. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं ताईच चार जणींना सांगत आल्या होत्या.

ताईंनी राउटर बघितला. दिवे हिरवे. स्पीकरचाही दिवा चालू. कॉम्प्युटरवर ओढ्याचं चित्र होतं आणि त्यावर थांबल्याची खूण, जशी कुणी बटण दाबल्यावर येते. पण दाबलं कुणी? त्यांनी ओढा सोडला. दोन मिनिटांत परत बंद. सोमवारी मेकॅनिक तासभर बसून गेला होता, तेव्हा ओढा एकदाही अडला नव्हता. "मशीन शहाणं आहे, माणसं तपासा," असं वर ऐकवून गेला. तेव्हा खोलीत माणूस म्हणून ताई एकट्याच होत्या.

आतून आवाज आला, "मॅडम, एक गोष्ट यांच्या कानावर जाताच कामा नये. बहिणीने मला..."

ताईंनी ड्रॉवर धाडकन लावला आणि ओढा सोडला. गृहस्थांच्या हातातला पेपर हलला नाही. मघापासून त्यांनी पानही उलटलं नव्हतं.

मेकॅनिकला त्या खुणेचा फोटो पाठवून विचारावं म्हणून ताईंनी आपला फोन घेतला. सकाळीच नेट संपलेलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो दवाखान्याच्या वाय-फायला जोडला. पासवर्ड शोधायला नको होता. समोरच्या भिंतीवर त्यांनीच मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला होता, बसलेल्या माणसांना कंटाळा येऊ नये म्हणून.

फोन जोडला गेला आणि पडद्यावर एक पट्टी आली. 'बाहेरचा स्पीकर, वाहतं पाणी.' खाली थांबवायचं बटण. ताईंनी ते दाबून पाहिलं. ओढा थांबला. पुन्हा दाबलं. सुरू.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! हे बटण भिंतीवरचा कागद वाचणाऱ्या कुणाच्याही फोनवर येत असणार.

खोलीत वाचणारा एकच होता. ताई पेपरच्या खालच्या कडेकडे बघत राहिल्या. तिथे फोनचा कोपरा दिसत होता आणि त्यावर एक अंगठा. अंगठा हलला. ओढा थांबला.

ताईंना इतका राग आला की गुडघा विसरून त्या ताडकन उठल्या. त्यांनी आपल्या फोनवरून ओढा सोडला. त्याने थांबवला. त्यांनी सोडला. मग मेकॅनिकला फोन लावून त्या थेट दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पासवर्ड बदलायचा कसा, हे ओरडून ओरडून विचारू लागल्या. एकेक पायरी दोनदा विचारली. राउटर बंद होऊन परत चालू होईपर्यंत मेकॅनिकच्या सगळ्या घरादाराची चौकशी केली.

नवा पासवर्ड कॉम्प्युटरला आणि स्पीकरला दिल्यावर ओढा वाहू लागला. या वेळी थांबला नाही.

थोड्या वेळाने पेपर खाली आला. गृहस्थ उठले, भिंतीवरचा कागद वाचून फोनवर काहीतरी टाइप केलं, पुन्हा वाचलं, पुन्हा केलं.

"ताई, हा पासवर्ड चालत नाहीये."

"बदललाय." ताईंनी कागद ओढून काढला. "काही अडलंय का तुमचं?"

"छे, माझं काय अडणार!" गृहस्थ हसले. तेच नेहमीचं गोड हसू.

साडेसहाला दार उघडलं. बायको डोळे पुसत बाहेर आली. ताईंनी डायरी उघडली. "पुढचा गुरुवार, साडेपाच?"

"नको आता," गृहस्थ म्हणाले. "बरी आहे ही. उगाच किती दिवस यायचं?" गेल्या आठवड्यापर्यंत पुढची तारीख तेच आठवणीने मागून घ्यायचे.

बायकोने स्पीकरकडे पाहिलं. ओढा वाहत होता. मग भिंतीवर राहिलेल्या चिकटपट्टीच्या चार तुकड्यांकडे पाहिलं, आणि मग नवऱ्याच्या हातातल्या फोनकडे. बराच वेळ पाहिलं.

"गुरुवार नकोच," ती म्हणाली. "बुधवार द्या, ताई. बुधवारी यांना सुट्टी नसते."