कजाग बाई कुठे बसतात?
तुटलेली सुई. अर्धवट शिवलेली बाही. कुलूप घातलेलं स्वच्छतागृह. "कजाग बाई कुठे बसतात?" कारखान्यात नवी लागलेली पोर विचारत आली, तशा शिवणाऱ्या बायका फिस्सकन हसल्या. मुकादमाने हासडलेली शिवी तिला आडनाव वाटली होती. "मीच," कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली. "सकाळपासून थांबलेय, मावशी. मुकादम स्वच्छतागृहाची किल्लीच देत नाहीत. सगळ्या म्हणाल्या, अडलं की तुमच्याकडे यायचं." म्हातारीची निवृत्ती जवळ आली होती. "आता तोंड उघडलंस तर नोकरी जाईल," नवऱ्याने कालच बजावलं होतं. तिने कात्री ठेवली, पोरीचा हात धरला आणि मुकादमाचं टेबल गाठलं. "आली का कजाग!" "आले. किल्ली." "जागेवर जा, नाहीतर घरी जाशील." तिने पुढे केलेला हात तसाच ठेवला. शिवणयंत्रं एकेक करून थांबली. ‘कजाग’ असं म्हातारीला पहिल्यांदा तिची आईच म्हणाली होती, लहानपणी भावाइतकं दूध मागितल्यावर.