माळावरची साद

परकी झुडपं उपटून त्या नवरा-बायकोने कोरड्या माळावर मूळचं गवत पुन्हा उभं केलं, पण त्या गवतातली पाखरं काही परतली नाहीत. त्यांना बोलवायला नवरा रोज पहाटे कर्ण्यावर त्यांचाच साठवलेला आवाज लावायचा.

"अहो, अकरा वर्षं झाली. देवालासुद्धा पाठ झाला असेल आता," बायको म्हणायची.

आज मात्र कुंपणापलीकडून उत्तर आलं! बायको ओरडली, "धावा हो, धावा!"

तो अनवाणीच कुंपणाशी पोचला. पलीकडच्या माळाचा नवा राखणदारही धापा टाकत समोरून आला.



"दादा, पाखरं तुमच्याकडे आहेत होय! आजच कर्णा बसवला, आणि लगेच उत्तर आलं बघा!"